भिंतीच्या आतलं सगळ्यांचं

रविवारी दुपारी मी घरातल्या सपातांवरच एक मजला चढून वर गेले आणि अकरा वर्षं ज्या घरात आठवड्यातून एकदा तरी चहाला बसत होते, ते घर बघायला आलेल्या अनोळखी माणसांच्या मागे उभी राहिले. दाराशी एजंटबाई, हातात नावं लिहायचा कागद, पायाशी निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांची टोपली. त्या पायात घालून आत जायचं, नव्या पॉलिशला ओरखडे नकोत म्हणून. "घर शोधताय?" तिने हसून विचारलं. "नाही, मी खालीच राहते." हसू तसंच राहिलं, पण डोळे माझ्या मागच्या जोडप्याकडे गेले. शेजारी घर घ्यायला येत नाहीत, आपल्या घराचा भाव काढायला येतात, हे कुठल्याही एजंटला पाठ असतं.

जाहिरातीत लिहिलं होतं: नूतनीकरण केलेलं, दोन बेडरूमचं, उजेडाचं, प्रीवॉर. प्रीवॉर म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधीची इमारत. न्यूयॉर्कमध्ये हा शब्द आपल्याकडच्या 'सागवानी'सारखा वापरतात. तो आला की भिंती जाड, छत उंच आणि नळ जुने, हे सगळं समजून घ्यायचं. पैकी नळांबद्दल जाहिरातीत कधी काही नसतं.

उजेड मात्र खरा होता. स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामधली भिंत पाडून टाकली होती. पांढरे ओटे, पांढरी कपाटं, छतात बसवलेले बारके दिवे. दारातून आत आलं की जो चौकोनी ऐसपैस फॉयर आहे, तिथे वरच्या बाईंचं गोल जेवणाचं टेबल असायचं, त्यावर कायम पसरलेली वर्तमानपत्रं आणि एका कोपऱ्यात अक्षरांच्या सोंगट्यांनी शब्द जुळवायच्या स्क्रॅबलचा डबा. आता तिथे एक लॅपटॉप आणि एक खोटं रोपटं ठेवून त्याला 'होम ऑफिस' म्हटलं होतं. बाथरूममधला बिडाचा टब गेला होता. त्याच्या काठाला एक टवका उडालेला होता आणि तो कसा उडाला याची बाईंकडे तीन वेगवेगळी कारणं होती.

मी खिडकीकडे गेले. रेडिएटर तिथेच होता, पण त्याच्यावर जाळीचं पांढरं खोकं चढवलं होतं. वाकून आत पाहिलं. बिडाच्या नळ्या खरवडून चंदेरी रंगवलेल्या. आमच्या घरातल्या रेडिएटरवर एके ठिकाणी पोपडा निघालाय, तिथे नखाने मोजले तर रंगाचे सात थर लागतात, त्यात एक पोपटी. कुणाला कुठल्या वर्षी पोपटी हवासा वाटला असेल कोण जाणे. बाईंकडेही तो पोपटी थर होता. म्हणजे कधीतरी सगळ्या इमारतीला एकदमच वाटला असणार.

हे सगळं जॅक्सन हाइट्समधलं. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला हा भाग १९०९च्या सुमारास शेतजमिनी घेऊन वसवायला घेतला तो एडवर्ड मॅकडूगल या माणसाच्या क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने. त्याच वर्षी क्वीन्सबरो पूल खुला झाला आणि १९१७मध्ये उन्नत रेल्वे इथवर पोचली. मग भराभर इमारती उठल्या. चार रस्त्यांमधला सबंध चौकोन घेऊन कडेकडेने घरं बांधायची आणि मधे सगळ्यांची मिळून बाग ठेवायची, ही इथली खासियत. रस्त्यावरून चालणाऱ्याला ती बाग दिसतच नाही. १९१९-२०च्या सुमारास कंपनीने यातली घरं भाड्याने देण्याऐवजी सहकारी पद्धतीने विकायला सुरुवात केली. १९९३मध्ये शहराने यातल्या बऱ्याच भागाला वारसा म्हणून संरक्षण दिलं. आमची इमारत त्या बागवाल्यांपैकी नाही. ती नंतरची, मध्यम वयाची, भाड्याची होती आणि ऐंशीच्या दशकात को-ऑप झाली. बाई तेव्हा भाडेकरू होत्या. आत राहणाऱ्यांना स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं, नाहीतर शाळेच्या ग्रंथालयातल्या पगारात जमलं नसतं, असं सांगायच्या.

को-ऑप हा प्रकार मी इथल्या अमराठी मित्रांना समजावून सांगायला जात नाही, पण मराठी माणसाला तो पाच मिनिटांत कळतो, कारण आपण त्यातच वाढलेलो असतो. इथे तुम्ही घर विकत घेतच नाही. इमारत एका कंपनीच्या मालकीची, तुम्ही त्या कंपनीचे शेअर्स घेता आणि त्या शेअर्सच्या जोरावर अमुक नंबरच्या घरात राहण्याचा कायमचा भाडेपट्टा तुम्हाला मिळतो. घर जितकं मोठं आणि जितकं वरच्या मजल्यावर, तितके शेअर्स जास्त, आणि त्याच हिशेबाने महिन्याचा मेंटेनन्स. त्यात मालमत्ता कर आला, इमारतीवर कर्ज असेल तर त्याचा हप्ता, गरम पाणी, हीटिंग, विमा, इमारतीची देखभाल करणाऱ्या सुपरचा पगार. आमच्या वाट्याला ४२० शेअर्स आले. आईला फोनवर आकडा सांगितला तेव्हा ती इतकी हसली की बाबांनी फोन काढून घेतला.

बाबांना यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. मुलुंडच्या आमच्या सोळा बिऱ्हाडांच्या सोसायटीचे ते बावीस वर्षं सेक्रेटरी होते. गोदरेजच्या कपाटात, लॉकरच्या खणात, सोन्याच्या दोन डब्यांच्या खाली आमचं शेअर सर्टिफिकेट असायचं: पन्नास रुपयांचा एक असे पाच शेअर्स. अडीचशे रुपये. त्या कागदावर आमचं सगळं जग उभं होतं. त्यांनी विचारलं ते इतकंच: "सिंकिंग फंडात किती आहे?" आमच्या वकिलाने पुढे तीन दिवस घालवून इमारतीचे ताळेबंद वाचले आणि शेवटी हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला, त्याचं बिल वेगळं.

गंमत म्हणजे या दोन्ही गोष्टींची सुरुवात जवळजवळ एकाच वेळची. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली १९१५ला. इकडे ब्रुकलिनच्या सनसेट पार्कात फिनलंडहून आलेल्या कामगारांनी १९१६मध्ये पैसे एकत्र करून इमारत उभी केली आणि तिचं नाव ठेवलं 'अल्कु', म्हणजे आरंभ. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. एक गोष्ट मात्र दोघांनी सारखीच केली: आधी आपली माणसं गोळा केली, मग विटा. सहकार म्हटलं की पहिल्यांदा 'आपली' माणसं आठवतात, आणि लगेच पाठोपाठ आठवतात ती 'आपली नसलेली'. जॅक्सन हाइट्समध्ये तर ते उघड धोरण होतं. सुरुवातीच्या काळात इथे ज्यूंना आणि काळ्यांना घर मिळत नसे. आज ७४व्या रस्त्यावर कढीपत्त्याची जुडी घेऊन मी उभी असते, आजूबाजूला बांगला, नेपाळी, स्पॅनिश चाललेलं असतं, तेव्हा मॅकडूगलसाहेबांना हे चित्र दाखवावंसं वाटतं.

तर २०१२ची गोष्ट. आम्हा दोघांचा प्रेमविवाह, त्यामुळे कांदेपोह्यांचा कार्यक्रम चुकला होता. तो इथे झाला.

आधी कागद. दोन वर्षांची कर-विवरणपत्रं, बँकेची पानं, नोकरीचं पत्र, जुन्या घरमालकाचं पत्र, आणि आमच्या चारित्र्याबद्दल मित्रांची पत्रं. माझ्या मैत्रिणीने लिहिलेलं पत्र इतकं छान होतं की ते वाचून मी स्वतःलाच घर विकलं असतं. हे सगळं बाड बोर्डाकडे गेलं. बोर्ड म्हणजे शेअरधारकांनी निवडलेले शेजारीच. त्यांना पसंत पडलं तर मुलाखत. वंश, धर्म वगैरेंवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी आहे, पण तेवढं सोडलं तर बोर्ड कारण न सांगता नाही म्हणू शकतं, असं आमच्या एजंटने बजावलं आणि वर धीर द्यावा तशी भर घातली, की १९७९मध्ये रिचर्ड निक्सनलाही मॅनहॅटनच्या एका को-ऑपने घेतलं नव्हतं. यातून मी कसला धीर घ्यायचा ते कळेना. "विचारलं तेवढंच सांगा. तुम्ही काही विचारू नका," ही शेवटची सूचना. आईने मावशीच्या वेळी अगदी हेच सांगितलं असणार.

तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्रांच्या पलीकडच्या खोलीत, घडीच्या खुर्च्यांवर पाच माणसं. नोकरी कुठे, वाद्य वाजवता का, कुत्रा आहे का, पाहुणे किती दिवस राहतात. हे सगळं सुरळीत गेलं. मग एका गृहस्थांनी, अगदी मऊ आवाजात, विचारलं, "तुम्ही घरी बराच स्वयंपाक करता का?"

खोलीत क्षणभर यंत्राचाच आवाज. मला उत्तर येत होतं. दोन उत्तरं येत होती. नवऱ्याने टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला. तेवढ्यात टोकाच्या खुर्चीवरच्या पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या, "मी करत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. पुढचा प्रश्न?" त्या वरच्या बाई.

पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी दार वाजवलं. मी खोबरं भाजत होते. आमच्या इमारतीत स्वयंपाकघरातल्या चिमणीला बाहेरची वाट नाही. ती वास चाळणीतून ओढते आणि पुन्हा आपल्याच तोंडावर सोडते. त्यामुळे माझी प्रत्येक फोडणी दाराखालच्या फटीतून कॉरिडॉरमध्ये आणि जिन्याने वर जायची. मी माफी मागायच्या तयारीत दार उघडलं. त्यांनी विचारलं, "हे काय आहे, आणि कधी होईल?"

तिथून स्क्रॅबल सुरू झालं. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी यात बरंच अंतर होतं, पण पत्त्यात पडतात तसे अक्षरांतही कुणाला कसे पडतील सांगता येत नाही. हा खेळ याच वस्तीतला. मंदीत नोकरी गेलेल्या आल्फ्रेड बट्स नावाच्या आर्किटेक्टने तो तीसच्या दशकात रचला, कुठलं अक्षर किती वेळा येतं ते वर्तमानपत्रातून मोजून. ३५व्या अव्हेन्यूवरच्या एका पाटीवर अजूनही प्रत्येक अक्षराखाली त्याचे गुण लिहिलेले आहेत. बाईंचा डबा जुना, सोंगट्या लाकडी, कोपरे घासून गुळगुळीत झालेले. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव. दोन्ही 'व्ही' नव्हते. "बरं झालं गेले ते," बाई म्हणायच्या, "'व्ही' घेऊन दोन अक्षरी शब्द एकही होत नाही. आडमुठं अक्षर." कुठे गेले विचारलं तर म्हणायच्या, कामाला लागलेत.

दोन वर्षांपूर्वी बाई गेल्या. त्यांच्या पुतण्याने घर रिकामं केलं. लॉबीत एक टेबल आहे, कुणाला नको असलेलं तिथे ठेवायचं आणि कुणाला हवं असलेलं उचलायचं, त्यावर एका संध्याकाळी तो डबा दिसला. मी उचलला.

मग पुतण्याने विकण्याआधी घर नवं करायचं ठरवलं. तेव्हा मी बोर्डावर आले होते, सेक्रेटरी म्हणून, म्हणजे घराण्याची गादी चालवायला. इथे घरात साधी भिंत हलवायची तरी बोर्डाशी करार करावा लागतो. कंत्राटदाराचा विमा, अनामत रक्कम, काम फक्त सोमवार ते शुक्रवार दिवसा, इमारतीच्या आर्किटेक्टने आराखडा बघायचा. आणि एक सोन्यासारखा नियम: ओल्यावर ओलं. म्हणजे बाथरूम आणि स्वयंपाकघर खालच्याच्या कोरड्या खोलीवर आणायचं नाही. कुणाच्या पलंगावर कुणाचा शॉवर नको. पुतण्याला दुसरी बाथरूम हवी होती, माझ्या झोपायच्या खोलीच्या बरोब्बर वर. मी मतदानाच्या वेळी बाहेर जाऊन बसले, पण तोंडावर फार दुःख दाखवलं असं नाही.

या कराराच्या निमित्ताने जी एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली ती अशी, की घर तुमचं असतं ते गिलाव्यापर्यंत. रंग, फरशी, कपाटं, ओटे तुमचे. गिलाव्याच्या मागे जे आहे ते सगळ्यांचं. पाण्याचा उभा पाइप, वाफेचा उभा पाइप, मैलापाण्याचा, विजेच्या तारांची मुख्य वाट. सहा मजल्यांतून तो एकच पाइप जातो आणि प्रत्येक घर त्याला फांदीसारखं लटकलेलं असतं. लोक ओटा बदलतात, दिवे बदलतात आणि घर नवं झालं म्हणतात. भिंतीच्या आतला पाइप कुठल्याच जाहिरातीत नवा होत नाही, कारण तो कुणा एकाला नवा करताच येत नाही. त्याला सर्वसाधारण सभा लागते. बाबांच्या सोसायटीतल्या टाकीच्या गळतीला चार सभा आणि किती डझन बटाटेवडे लागले ते मला आठवतं.

पाच महिने डोक्यावर घण पडले. धुळीने माझी तुळस राखाडी झाली. बैठकीच्या छताला पश्चिम घाट दाखवणाऱ्या नकाशासारखा तडा गेला, तो पुतण्याने भरून दिला, बऱ्या बोलाने.

उन्हाळ्यात एका तरुण जोडप्याचं बाड माझ्या समोर आलं. आता मी खुर्चीच्या या बाजूला. त्यांची दोन वर्षांची कमाई, त्यांचं विद्यार्थी-कर्ज, बँकेत घर घेऊन झाल्यावर किती उरेल तो आकडा. इथली बोर्डं तो आधी बघतात, कारण एकाचा मेंटेनन्स थकला की भार बाकीच्यांवर येतो. शेजाऱ्याची पासबुकं वाचायला मला लाज वाटत होती आणि तरी मी प्रत्येक पान वाचत होते. मित्रांची पत्रंही होती. एका मित्राने लिहिलं होतं, ही माणसं कायम वेळेआधी येतात. हे चांगलं की वाईट यावर आमच्या बोर्डात दहा मिनिटं चर्चा झाली.

मुलाखतीला ती मुलगी हातातल्या अंगठीशी खेळत होती. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांच्याही एजंटने तेच पढवलेलं असणार. मी कुत्र्याबद्दल विचारलं, आणि ८० टक्के जमीन गालिच्याने झाकायचा नियम वाचलाय ना, ते विचारलं. स्वयंपाकाबद्दल कुणी काही विचारलं नाही. ते मऊ आवाजाचे गृहस्थ केव्हाच फ्लोरिडाला गेले.

ऑगस्टच्या शेवटी ते राहायला आले. ऑक्टोबर लागला. न्यूयॉर्कमध्ये १ ऑक्टोबर ते ३१ मे हा हीटिंगचा कायदेशीर मोसम. दिवसा बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं तर घरात ६८ असलंच पाहिजे, रात्री तर कमीत कमी ६२, बाहेर काहीही असो. थंडी पडली, तळघरातला बॉयलर पेटला, आणि पहिल्याच पहाटे साडेपाचला डोक्यावर कुणीतरी हातोडी मारायला लागलं. ठाण, ठाण, ठाण. थांबलं. पुन्हा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी अंथरुणातूनच मेलचा मसुदा लिहिला: प्रिय शेजारी, गालिच्याच्या नियमाकडे आपलं लक्ष वेधते. बाबांची 'सन्माननीय सभासद' वाली भाषा, फक्त इंग्रजीत. तो पाठवायच्या आत त्यांचाच मेल आला. आमच्या जमिनीखालून कुणीतरी ठोकतंय, तुम्ही आमच्यावर नाराज आहात का?

सुपरला बोलावलं. सुपर म्हणजे आपल्याकडचा वॉचमन, प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि सोसायटीचा अर्धा मॅनेजर एकाच माणसात. तो वीस वर्षं आमच्या इमारतीच्या तळघरात राहतो. त्याने पांढरं खोकं उचलून बाजूला ठेवलं, रेडिएटरवर छोटी पाणसळ ठेवली आणि बुडबुडा अगदी मधोमध थांबलेला बघून मान हलवली. "कंत्राटदार फार चांगला होता," तो म्हणाला. "सरळ बसवून गेला."

आमच्याकडे वाफ एकाच पाइपने येते आणि थंड होऊन पाणी झालं की त्याच पाइपने परत जाते. म्हणून रेडिएटर पाइपाकडे किंचित कललेला लागतो. सपाट बसला की पाणी आतच साचतं, पहाटे नवी वाफ येऊन त्याच्यावर आपटते, आणि ठाण ठाण. पाइप एकच, म्हणून ते वर त्यांना खालून ऐकू येत होतं आणि खाली मला वरून.

सुपरने लोखंडी पहार घालून रेडिएटरची दूरची बाजू बोटभर उचलली. "इथे पायांखाली पाचरी होत्या," तो म्हणाला. "मीच घातल्या होत्या. तेव्हा लाकूड आणायला मी खाली चाललो होतो, तर बाई म्हणाल्या, कशाला सहा मजले उतरतोस, आणि त्यांच्या त्या खेळातले दोन चौकोन काढून दिले. एका पायाखाली एक, दुसऱ्याखाली एक. चौदा वर्षं आवाज नव्हता." नव्या जोडप्यातल्या मुलीने जमिनीवर, नव्या पॉलिशवर, हात फिरवून बघितलं, जसे ते अजून तिथे असतील.

"थांबा," मी म्हटलं, आणि जिना उतरून घरी आले. डबा काढला, पिशवी टेबलावर उलटी केली. अठ्ठ्याण्णव. 'आय' नऊ असतात, दोन कमी झाले तर खेळ अडणार नाही. 'यू' द्यावे तर 'क्यू' अडतो. एक 'डब्ल्यू' हातात घेतला, त्याचे कोपरे बाईंच्या अंगठ्याने झिजलेले, परत ठेवला.

डोक्यावर सुपरने टाचेने दोनदा ठोकलं. पहार जड असते.